कूलरमधली मरळ

उन्हाळ्यात परभणीत कोणाच्याही घरी गेलं की माणूस आधी कूलरपुढं बसतो. आमच्या शेजारच्या काकांकडे ती सोय नाही. कूलरच्या टाकीत पेशंट असतात.

काका येलदरी धरणावर जातात, भोयांच्या जाळ्यातून बोटभर मरळ, एखादी शिंगटी, वीतभर वाम निवडतात आणि जिंतूरहून एसटीनं बादली मांडीवर घेऊन येतात. कंडक्टरनं "काका, आज रस्सा का?" म्हणलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. माझं मत कंडक्टरच्या बाजूचं आहे, पण ते मी बोलत नाही.

नदीतला मासा थेट काचेच्या टाकीत सोडायचा नाही, आधी तीन-चार आठवडे वेगळा ठेवायचा, हा त्यांचा धर्म. मासा दगडाला अंग घासायला लागला की काका भिंग काढतात. माशाची ऊ चपटी, आरपार दिसणारी, दोन चूषकांनी चिकटून बसलेली. ती चिमट्यानं निघते. लर्निया या दुसऱ्या परजीवीची मादी मात्र नांगरासारखं डोकं मांसात रुतवते, बाहेर नुसता दोरा लोंबतो. "मुळाशी धरायचं. डोकं आत तुटलं की जखम चिघळली!" पुतण्याच्या पायातला बाभळीचा काटा काढताना हा हळुवारपणा कुणी पाहिलेला नाही.

मग पोटॅशियम परमँगनेट. लिटरला 10 मिलिग्रॅम, अर्धा तास, घड्याळ हातात. मासा तिरपा व्हायला लागला की लगेच बाहेर. औषधानं उवा मरतात, पण टाकीला चिकटवलेली त्यांची अंडी मरत नाहीत. ती फुटली की पुन्हा पहिल्यापासून. काकूंचे दोन टब, एक टॉवेल आणि काकांची दहाही नखं कायमची तपकिरी झाली आहेत.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला पाणी तीस अंशांवर न्यावं लागतं, म्हणजे किड्याचं चक्र लवकर फिरतं आणि औषधाच्या तावडीत सापडतं. "पुण्यातले लोक त्यासाठी हीटर घेतात," काका अभिमानानं सांगतात, "आपल्याला परभणी आहे!" गरम पाण्यात प्राणवायू कमी, हे परभणीला कोण सांगणार? दुपारी लाईट गेली, पंप बंद पडला, की सगळं घर आळीपाळीनं तांब्यानं उंचावरून पाणी ओततं. पाहुणेसुद्धा.

मिठाचं काम सोन्याच्या काट्यावर. लिटरला 20 ग्रॅम, दहा मिनिटांची डुबकी, जाडंच मीठ. स्वतः काका मात्र बीपी वाढलेलं असताना पिठल्यावर वरून मीठ भुरभुरतात. डॉक्टरांनी दिवसाला पाच ग्रॅम सांगितल्यापासून काकूंनी तो काटा स्वयंपाकघरात नेला आहे.

"अगं, शिंगटीची वेळ झाली!" काका ओरडतात.

"थांबा की जरा," आतून उत्तर येतं, "तुमचंच मोजायलेय."