चाकांवरचे बिऱ्हाड

ठाकुर्लीत वन-रूम-किचनमध्ये सहा माणसे राहिली की त्याला नाइलाज म्हणतात. तेच चाकांवर केले की हौस! म्हणून आम्ही साला-मेहुण्यांनी मिळून एक जुनी मारुती ओम्नी घेतली. 1984 साली आलेली ही 796 सीसीची डबी 2019 मध्ये बनायची बंद झाली. आमची त्याआधीच बंद पडली होती.

गाडीची लांबी साडेतीन मीटरही नाही. तिच्यात पलंग, ओटा आणि बेसिन बसवायचे. सुतार कशाला, व्हिडिओ आहेत की! नव्वद फुटी रस्त्याच्या कडेला प्लाय कापला, भावाच्या किचनमधून उरलेला सनमायका चिकटवला, गंजाची भोके एम-सीलने बुजवली. आता गाडीत पत्रा कमी आणि एम-सील जास्त. इंजिन पुढच्या सीटखालीच असते, तेव्हा चहाला वेगळी शेगडी नको, हे मेहुण्याचे संशोधन. पलंग मात्र झकास झाला. सरकता दरवाजा तेवढा त्याच्यामागे कायमचा अडकला.

मग तळमजल्यावरच्या वकीलकाकांनी मोटार वाहन कायद्याचे कलम 52 ऐकवले : कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार चालत नाही. आम्ही म्हटले, काका, गाडीच चालत नाही, फेरफाराचे काय घेऊन बसलात!

सध्या ती सोसायटीच्या आवारात विटांवर उभी आहे. सासरे दुपारी मागच्या दाराने आत शिरून झोपतात. लोकल धडधडत गेली की पलंग हलतो, आणि ते डोळे न उघडता विचारतात, ''कसारा आलं का रे?''