गाडी तुमची, पाना कंपनीचा

जालना देशाला लोखंडी सळया पुरवतं. पण इथल्या डेंटिंगवाल्याने बंपरची एक क्लिप मागितली की उत्तर ठरलेलं, ‘फक्त अधिकृत सर्व्हिस सेंटरला!’ बिचारा हातोडीने पत्रा सरळ करतो, पुट्टी घासतो, रंग डोळ्यांनी जुळवतो. सेन्सरच्या कोडपाशी मात्र ‘अनधिकृत’ ठरतो. सुटे भाग असे अडवून धरल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला. प्रकरण कोर्टात गेलं. २०२२ साली सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल काढलं. आता पोर्टलवर हक्क आहे, काउंटरवर पार्ट नाही. हप्ते भरायला आपण अधिकृत, बॉनेट उघडायला अनधिकृत! पुढची गाडी घेताना ॲव्हरेज विचाराल, तेव्हा पार्ट बाहेर मिळतो का, तेही विचारा.