लंगर आणि फी

नांदेडला आलेला माणूस उपाशी राहत नाही. गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीला बसा. कोणी नाव विचारत नाही, जात विचारत नाही, पैशाचा तर प्रश्नच नाही. तिथून लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने लातूरला उतरा. तिथे क्लासच्या दारात पहिला प्रश्न, “फी किती?” फी जितकी जास्त, तितका बापाचा विश्वास गाढ. या दोन गावांच्या मधे वाढलेला पोरगा कोड लिहायला एडिटर निवडायला बसला, की त्याच्या डोक्यात दोन्ही गावं भांडू लागतात. “सर, फुकटवाला घेऊ का पैशाचा?”

‘पैशाचा’ म्हणजे पैसे देऊन घेतलेला, असा मात्र गैरसमज नको. कॉलेजच्या लॅबांत कित्येक वर्षं टर्बो सी++चा निळा पडदा नांदला. बोरलँड कंपनीने ती विकायलाच काढलेली वस्तू. पण ती विकत घेतलेला माणूस मराठवाड्यात मला अजून भेटायचाय.

सब्लाइम टेक्स्टचंही तेच. ऑस्ट्रेलियातल्या जॉन स्किनरने २००८ साली आणलेला हा देखणा, चपळ एडिटर. परवाना ९९ डॉलरचा. क्लासच्या फीपुढे ही रक्कम म्हणजे किरकोळ. शिवाय पैसे न भरताही तो चालूच राहतो. फक्त मधूनच फाइल सेव्ह करताना एक चौकट येते: वापरून बघताय, पुढे वापरायचा तर परवाना घ्या. पोरं कॅन्सल दाबतात. इंजिनिअरिंग संपतं, नोकरी लागते, लग्न ठरतं, ‘वापरून बघणं’ चालूच असतं. तिकडच्या माणसाला वाटलं असेल, लाजेखातर देतील. त्याला आमची लाज माहीत नाही.

हल्ली बहुतेकांच्या लॅपटॉपवर व्हीएस कोड असतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली तो आणला आणि त्याच वर्षी त्याचा सोर्स एमआयटी परवान्याखाली खुला केला. फुकट ते पौष्टिक! फक्त या लंगरात एक गंमत आहे. डाळीची कृती भिंतीवर लिहिलेली, कोणीही घरी नेऊन शिजवावी. पण आपल्या ताटात जी पडते, ती शेठजींच्या स्वतःच्या पातेल्यातली, वेगळ्या परवान्याची. आणि कोणी काय, किती वाढून घेतलं, याची वही बाजूला चालू. (सेटिंगमध्ये जाऊन ती बरीचशी बंद करता येते. जाणारा विरळा.) त्याच कृतीची, वही नसलेली डाळ म्हणजे व्हीएसकोडियम. मात्र ती घेतली, की पायथनवाल्यांचं लाडकं पायलान्स एक्स्टेंशन मिळत नाही. लोणच्याची बरणी शेठजींकडेच.

शेठजींचं मन फिरलं तर? गिटहबचा अ‍ॅटम एडिटर पूर्ण खुला, पोरांचा आवडता. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब घेतलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये अ‍ॅटमची चूल विझली. पण कृती भिंतीवर होती, म्हणून काही लोकांनी ती उचलून पल्सर नावाने नवी चूल मांडली. विकाऊ एडिटर बंद पडला असता, तर हेही जमलं नसतं. माझं मत खुल्याच्या बाजूने झुकतं, ते फुकट म्हणून नाही, यासाठी.

आता खरी तक्रार. गुरुद्वाऱ्यात जेवून उठलेला माणूस कधी चार भांडी घासायला बसतो, कधी भाजी निवडतो. आमची पोरं खुल्या सॉफ्टवेअरवर पॅकेज मिळवतात आणि ताट तसंच सारून उठतात. साधी एक चूक कळवत नाहीत. ब्रॅम मोलेनारने १९९१ साली विम हा एडिटर लोकांना दिला आणि २०२३ मध्ये जाईपर्यंत तो सांभाळला. बदल्यात मागणं एवढंच, की जमलं तर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. विम नुसता उघडला की पहिल्याच पडद्यावर ही विनंती बऱ्याचदा दिसते. पोरांना ती वाचायला सवड नसते. ती विममधून बाहेर कसं पडायचं, ते शोधत असतात.

विचारायला आलेल्याला मी आधी रॅम विचारतो. चार जीबी असली तर जड एडिटर आपोआप बाद, निम्मा वाद तिथेच मिटतो. मग सांगतो, शिकतोयस तोवर खुला वापर. पहिल्या पगारातून सब्लाइमचा परवाना घे, नाहीतर ज्याचं खाल्लंस त्या प्रकल्पाला काही दे. परवा एकाने हे सगळं मान डोलावत ऐकून घेतलं. व्हीएसकोडियमच पक्का केला. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, “सर, याचा क्रॅक कुठं भेटंल?”