जमिनीवरचा कॅप्टन

बारावीला फिजिक्स-मॅथ्स असूनही इंजिनिअरिंगला न जाता पायलट व्हायला निघालेला एखादा मुलगा हल्ली पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांत सापडतो. त्याचं मेडिकल झालं, डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) परीक्षेसाठीचा कॉम्प्युटर नंबर आला, की वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे त्याला 'कॅप्टन' म्हणू लागतात. कॅप्टनने अजून विमानाच्या चाकालाही हात लावलेला नसतो. तो दिवसभर असतो खुर्चीत. भिंतीवर जेआरडी टाटांचा फोटो (देशातला पहिला वैमानिक परवाना, १९२९), खिडकीत नवाकोरा गॉगल आणि टेबलावर नेव्ह (दिशादर्शन), मेट (हवामान), रेग्स (नियम), टेक जनरल (विमानाचं तंत्र) अशी पुस्तकांची थप्पी. गॉगलवर धूळ बसत जाते.

तळमजल्यावरचे काका जिन्यात त्याला हमखास गाठतात. "विमान तर ऑटोपायलटवर चालतं ना रे? मग एवढं घोकायचं काय?"

कॅप्टन भला मुलगा. तो समजावू लागतो. दिशा एक अंशाने चुकली तर ६० नॉटिकल मैलांवर आपण एक मैल बाजूला जातो. म्हणजे पुण्याहून निघालो तर नागपूरला पोचेपर्यंत दहाएक किलोमीटर चुकलो.

"मग तेवढी रिक्षा करायची!" काका निकाल देऊन भाजीला जातात.

खरी पंचाईत अशी की त्याचं जग हळूहळू आपल्या जगापासून सुटत जातं. उत्तर दिशा एकच असते हा बालवाडीतला समज नेव्ह पहिल्या फटक्यात मोडून काढतं. ट्रू, मॅग्नेटिक आणि कंपास अशा तीन उत्तरा असतात आणि पेपरात नेमकी नको ती विचारतात. मेट सांगतं की स्टँडर्ड हवामानात समुद्रसपाटीला तापमान १५ अंश असतं. हे दादरच्या माणसाला सांगून बघा. आई रात्री साडेआठला जेवायला हाक मारते, तेव्हा कॅप्टनच्या घड्याळात पंधरा वाजलेले असतात, झुलू, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेने.

मेटचा अभ्यास गॅलरीत चालतो. जूनमधली संध्याकाळ, वारा नैऋत्येचा. कॅप्टन वाऱ्याकडे पाठ करून उभा राहतो आणि डावा हात लांब करतो. बाइज बॅलटचा नियम: उत्तर गोलार्धात कमी दाब तुमच्या डाव्या हाताला. "आजी, लो तिकडे आहे."

"तिकडे जोश्यांचं स्वयंपाकघर आहे. पाऊस येणार का ते सांग, कपडे वाळत आहेत."

कॅप्टन ढगांकडे बघतो. स्ट्रॅटोक्युम्युलस की निंबोस्ट्रॅटस, पायथा किती फुटांवर, टेंपरेचर आणि ड्यू पॉइंटमध्ये अंतर किती. एवढ्यात आजींनी कपडे काढून घड्याही घातलेल्या असतात. बिचाऱ्याचं उत्तर मात्र चूक नसतं. पावसाळ्यात तो कमी दाब खरोखरच वायव्येला, राजस्थान आणि पाकिस्तानवर असतो. फक्त जोश्यांच्या बराच पलीकडे.

आरटीआर, म्हणजे रेडिओवर बोलण्याची परीक्षा, जवळ आली की घर त्रासतं. बाथरूममधून मुंबई टॉवरशी बोलणं सुरू होतं आणि आई गीझरसाठी दार वाजवते. काहीही सांगा, तो रीडबॅक देतो. "दोन लिंबं, कोथिंबीर, पाव किलो मिरच्या, कॉपीड." आणतो कोथिंबीर.

मग लेखी परीक्षेचं सेशन येतं. पेपर सगळा पर्यायांचा, आणि चारही पर्याय सख्ख्या भावांसारखे दिसणारे. निकालाच्या दिवशी काका पुन्हा जिन्यात. "किती पडले?"

"अडुसष्ट."

"अरे वा, फर्स्ट क्लास! पेढे कुठायत?"

पास व्हायला ७० लागतात, हे ३५ वर काठावर निघालेल्या पिढीला कोणत्या तोंडाने सांगायचं? कॅप्टन पेढे आणतो. अडुसष्ट टक्क्यांवर नापास होऊन पेढे वाटणारा विद्यार्थी दुसऱ्या कुठल्या शाखेत नसेल.

सगळे पेपर निघाले तरी पुढे २०० तासांचं उड्डाण उरतंच, बारामतीला म्हणा नाहीतर गोंदियाला. तेव्हा तुमच्या जिन्यात असा कॅप्टन भेटला तर 'आम्हाला विमानात कधी बसवतोस?' एवढं विचारू नका. 'नेव्ह निघाला का?' असं विचारा. आणि तो गप्प राहिला तर पेढे मागू नका.