बिनकर्जाचा पदवीधर

बारावीनंतरचे प्रवेश सुरू झाले की आमच्या सोसायटीत पेढ्यांबरोबर एक आकडाही वाटला जातो. "चिरंजीवांसाठी बारा लाख काढले," हे सांगताना बापाचा आवाज आपोआप वर चढतो. हे बारा लाख मिळालेले नसून फेडायचे आहेत, ही बाब गौण. ज्या पोरावर बँकेने बारा लाख लावले, त्या पोरात काहीतरी असणारच, असा हिशेब.

अशा वैभवशाली इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने गणितात बी.एस्सी. करायचं जाहीर केलं आणि घरावर अवकळा आली. अनुदानित महाविद्यालय, वर्षाची फी काही हजारांत. सेक्रेटरी तातडीने सांत्वनाला गेले.

"वहिनी, पैशांची अडचण असेल तर संकोच करू नका. चार लाखांपर्यंत हल्ली बँका तारण मागत नाहीत."

"नाही हो भाऊजी, कर्जाची गरजच नाही."

"तेच म्हणतोय मी. ज्याला कर्जच लागत नाही, त्याला स्कोप काय?"

मुलीने बंगळुरूच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये बी.मॅथसाठी प्रवेश परीक्षाही दिली होती. तिथे शिक्षणशुल्क नाही. उलट निकाल चांगला राहिला तर विद्यार्थ्यालाच दरमहा विद्यावृत्ती मिळते, हे ऐकून सेक्रेटरी खुर्चीत पुढे सरकले. "कॉलेजच पैसे देतं? नीट चौकशी करा वहिनी. हल्ली फसवणूक फार चालते." संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी 1931 साली काढलेली आणि संसदेने कायदा करून राष्ट्रीय महत्त्वाची ठरवलेली ही संस्था आहे, असं मुलगी सांगत होती. पण जिचे फलक हमरस्त्यावर लागत नाहीत, ती संस्था कसली?

तिसऱ्या मजल्यावर मात्र आनंदीआनंद आहे. तिथला मुलगा खासगी विद्यापीठात डेटा सायन्स शिकणार. अभ्यासक्रम मी चाळून पाहिला: लिनिअर अल्जेब्रा, कॅल्क्युलस, प्रॉबॅबिलिटी, स्टॅटिस्टिक्स. दुसऱ्या मजल्यावर जे काही हजारांत शिकवतात, तेच वर दहा लाखांना. मधल्या एका जिन्याचे एवढे पैसे घेणारा बिल्डर अजून आमच्याकडेही झालेला नाही.

आता दहा लाखांचं काय होतं ते पाहू. चार वर्षं दरवर्षी अडीच लाख उचलायचे, दर 10 टक्के धरू. शिकताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नाही. व्याज मात्र झोपत नाही. सरळव्याजानेच ते 3.5 लाख होतं. म्हणजे हप्ते सुरू होतात 13.5 लाखांवर. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे 17,840 रुपये, एकूण 21 लाखांच्या वर. यात नोकरी वेळेवर लागेल हे गृहीत आहे. हे गृहीतक सिद्ध करायची जबाबदारी विद्यापीठाने कुठेच घेतलेली नाही. माहितीपुस्तकात फक्त हसणारी मुलं आहेत.

सरकारला काळजी आहेच. आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळायची सोय आहे. फक्त जुनी करप्रणाली निवडावी लागते आणि मुळात कर भरण्याइतकं कमवावं लागतं.

गणितवाल्यांनीही फार हसू नये. कर्ज नसलं म्हणजे मिळकत असते, असं कुठल्याही प्रमेयात सिद्ध झालेलं नाही. एम.एस्सी., मग नेट किंवा सेट, मग प्राध्यापकभरतीची वाट, आणि वाट पाहताना तासिका तत्त्व. तास झाला तर पैसे; मे महिन्यात माणसाला पोट नसतं, असं शासनाचं गृहीतक. संशोधनाकडे वळून जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळवलीच, तर 2023 पासून महिना 37,000 रुपये. तिसऱ्या मजल्यावर त्यातला जवळपास निम्मा हप्त्यात गेला असता, एवढंच समाधान.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर हे या जमातीचे आद्य पुरुष. फर्ग्युसनची पदवी, पुढचं पदव्युत्तर शिक्षण नाही, आणि नावावर जगभर ओळखला जाणारा 6174 हा स्थिरांक. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, हेच पुन्हा करत राहा. सात पायऱ्यांच्या आत 6174 येतोच. कापरेकर 1962 मध्ये निवृत्त झाले आणि पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्या करत राहिले. तोच त्यांचा दुसरा स्थिरांक म्हणायचा. आजचा गणिताचा पदवीधरही संशोधन, प्राध्यापकी, स्पर्धा परीक्षा अशी एकेक आशा वजा करत सातव्या वर्षाच्या आत जेईईच्या क्लासमध्ये पोचतो. तिथे त्याला बरा पगार मिळतो, कारण तिथे मुलं गणित शिकायला येत नाहीत, त्यातून कायमची सुटायला येतात. त्यांचे पालक क्लासला जी फी देतात, तेवढ्यात गणिताची पदवी होऊन वर पैसे उरले असते.

तेव्हा पालकहो, बँकेत जाण्यापूर्वी एक करा. वरचा हप्त्याचा हिशेब मुलाला कागदावर मांडायला द्या. बरोबर आला, तर त्याला बेलाशक गणिताला घाला. नाही आला, तर कर्जाचा अर्ज भरा. बँक वाट पाहते आहे.