प्रेत नसलेली खूनकथा

मानसशास्त्रीय थरारकथा म्हणजे खून कोणी केला यापेक्षा तो घरच्यांना पचला कसा हे शोधणारी कथा, असे मानले, तर बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांमधल्या झुंजारवर पोसलेल्या मराठी वाचकाची विवेक शानभाग यांच्या ‘घाचर घोचर’ (२०१३) या कन्नड कादंबरीत पंचाईत होते. कारण बंगळुरूच्या या घरात प्रेत सापडत नाही, पोलीस फिरकत नाहीत आणि मसाल्याच्या धंद्याने श्रीमंत झालेल्या कुटुंबातला निनावी निवेदक कॉफी हाऊसमध्ये बसून वेटर व्हिन्सेंटला त्रिकालज्ञ मानत राहतो. संशयाला जागा एवढीच, की सून परगावाहून अजून परतलेली नाही. मुंग्या मात्र या मंडळींनी जुन्या घरातच मोठ्या हिरिरीने चिरडायला घेतल्या होत्या, आणि त्याला घरात कोणीही खून म्हटले नव्हते.