एक डोळा दिवसाचा, एक रात्रीचा

नीरा आणि भीमेच्या संगमावर आमचं नरसिंहपूर. जिल्हा पुण्याचा, पण नदी ओलांडली की सोलापूरचा. ग्रामदैवत अर्धं माणूस, अर्धं सिंह. त्यामुळे धड एका बाजूचं नसलेल्याला आमच्याकडे कुणी नावं ठेवत नाही. तरीही चिंगीच्या डोळ्यांनी आळीत खळबळ उडवलीच.

चिंगी म्हणजे आमची सात-आठ महिन्यांची मांजर. दिवेलागणीला ती उंबऱ्यावर बसलेली. उजव्या डोळ्याची बाहुली अरुंद उभी, डाव्याची काळीभोर, वाटोळी. एका डोळ्यात दुपार, दुसऱ्यात मध्यरात्र. आजीने थेट हात जोडले. "ना दिवस ना रात्र, ना घरात ना बाहेर! वेळ बघा कशी साधलीय." हिरण्यकशिपूच्या जागी भिंतीवर एक पाल होती. तिला कसलाच वर मिळालेला नसल्याने ती वेळेवर पळाली.

शेजारच्या काकूंनी दृष्ट लागल्याचं निदान केलं आणि मीठ-मोहरी ओवाळली. ठसका आम्हाला लागला, चिंगीला काही नाही. सुट्टीला आलेल्या पुतण्याने मोबाइल काढला. "डेव्हिड बोवी नावाचा मोठा इंग्रज गायक होता, त्याचंही असंच होतं. १९६२ साली एका पोरीवरून मित्राने डोळ्यावर ठोसा मारला, तेव्हापासून एक बाहुली मोठी ती मोठीच."

"मग हे त्या मारुतीच्या पारावरच्या बोक्याचं काम," आजी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गोठ्यात जनावरांचे डॉक्टर गाय गाभण आहे का ते तपासायला आले होते. त्यांना चहाला म्हणून बोलावलं आणि कपाबरोबर मांजरही पुढे केलं. त्यांनी आधी चहा संपवला. मग चिंगीला उन्हात धरलं, नंतर माजघराच्या अंधारात नेलं. अंधारात दोन्ही बाहुल्या सारख्याच मोठ्या. उन्हात उजवी मिटत आली, डावी ढिम्म. "म्हणजे घोटाळा डावीत आहे. उजेडात तिला मिटता येत नाही. अंधारात फरक वाढला असता, तर बारीक बाहुलीवर संशय घेतला असता." माणसाच्या बाहुलीचं क्षेत्रफळ फार तर १५ पट बदलतं, मांजराचं १३५ पट. एवढी मोठी यंत्रणा एका बाजूने बंद पडली, की उंबऱ्यावरूनही दिसते.

मग प्रश्न सुरू झाले. पडली का? तोल जातो का? डोळा लाल आहे? पाणी येतं? बारीक करते? डोक्याला मार, डोळ्याच्या आतली सूज, वाढलेला दाब, मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू, यातलं काहीही असू शकतं, म्हणाले. "मी विचारलेलं एक जरी लक्षण दिसलं तरी वाट बघायची नाही, तडक दवाखाना. आणि घरातले माणसांचे थेंब तर अजिबात घालायचे नाहीत." काकूंनी हातातली बाटली पदराआड नेली.

चिंगी मात्र त्यांच्या बुटाच्या नाडीची शिकार करण्यात गुंतलेली. डॉक्टरांनी परसदारी नजर टाकली. कुंपणाला धोतरा माजलेला, आणि त्याखालून चिंगीची रोजची पायवाट. "हे बघा. यात अॅट्रोपिन असतं. डोळ्यांचे डॉक्टर बाहुली मोठी करायला तेच घालतात. हिने बहुतेक फुकटात घालून घेतलंय. डोळा रोज उजेडात बघत जा."

आठवड्याच्या आत दोन्ही डोळ्यांत एकच वेळ दिसू लागली. आजीने श्रेय नृसिंहाला दिलं, काकूंनी मोहरीला. पुतण्याचं म्हणणं, बोवीच्या मानाने चिंगी नशीबवान.

आता धोतरा उपटायचा म्हणून मी खुरपं घेतलं, तर आजी आडवी आली. "हात लावशील तर! सोमवारी महादेवाला काय वाहू?"

"आणि चिंगीचं काय?"

"तिला सांग, डोळे मिटून जात जा म्हणावं."